डाव्या टॅकलची टाच

लिंडन फोर्क, नेब्रास्का
३ मार्च

व्हर्लिन,

कसा आहेस वगैरे विचारत नाही. विचारलं तर तू नीट सांगणार नाहीस, आणि नीट सांगितलंस तर मला राग येईल. फोनवर आपलं काय होतं ते जानेवारीत दोघांनीही पाहिलंय. म्हणून पत्र. पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही, तेवढं तरी तुला ऐकून घ्यावं लागेल.

तुला ऐकायला आवडतं तेच लिहिते. पुढच्या सीझनची लाईन, म्हणजे तुझ्या भाषेत फुटबॉल टीमच्या पुढची पाच जणांची भिंत.

तुझी लाईन असं लिहिणार होते. आता कुठली तुझी. तू तिकडे कॅन्ससात दुसऱ्या कॉलेजच्या पोरांना घाम काढायला लावतोयस, आणि इथे तू निवडून आणलेली पोरं अजून माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसतात. मला वाटलं होतं, तू गेलास म्हणजे गुरुवार संपले. लाईनच्या कोचच्या घरी लाईनचं जेवण, कोच नाही तर जेवण कशाचं? फेब्रुवारीतल्या पहिल्या गुरुवारी मी निवांत बसून मोजे रफू करत होते, तर दारावर थाप. बघते तर ऑगी. दार सगळं भरून गेलेलं. त्याच्यामागे केलन आणि सॉयर.

"मिसेस ह्रुश्का, शेगडीवर पातेलं दिसत नाही."

"अरे, कोच गेले ना तुमचे."

"कोच गेले. पातेलंही गेलं का?"

तुझ्या आईचं ते निळं पातेलं काढलं आणि बीन्स भिजवायलाही वेळ नव्हता म्हणून डब्यातले घालून मांसाची चिली केली. तिच्याबरोबरचे नेहमीचे दालचिनीचे रोल नव्हते, ब्रेडवर भागवलं. बसले मात्र मैदानावर उभे राहतात तसे, बरोबर आपल्या जागी. डावा टॅकल आणि उजवा गार्ड पास होऊन गेले, त्यांच्या खुर्च्या रिकाम्या. तिघांनी सरकून बसावं की नाही? नाही. केलन डाव्या गार्डच्या जागी, ऑगी मधोमध सेंटरच्या, मग एक भोक, मग सॉयर. दात पडलेल्या तोंडासारखं टेबल दिसत होतं. आणि मैदानात सेंटरने चेंडू हलवेपर्यंत कुणी हलत नाही, तसं ऑगीने झाकण उचलेपर्यंत कुणी चमचा हलवला नाही. झाकण उचललं की तिन्ही चमचे एकदम. तू लावलेली सवय आहे, जाता जात नाही.

तर परिस्थिती अशी. पाचातले तीन आहेत, दोन शोधायचे आहेत. ऑगी चांगला आहे, पण ओरडत नाही. सेंटरने ओरडून बाकीच्या चौघांना इशारा द्यायला हवा. उरलेलं नव्या कोचवर.

माझ्यावरचा राग गेला नसेल. माझाही गेलेला नाही. आपल्या लग्नात मी सात घरं वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत भरली, आणि दरवेळी तू म्हणालास, लिबी, हे शेवटचं. आठवं भरणार नाही म्हटलं तर तू टोपी घातलीस आणि म्हणालास, "थँक्सगिव्हिंगपर्यंत वाट बघेन. त्यानंतर विचारणार नाही." मी काय हायस्कूलचा पोरगा आहे, मला मुदत घालून द्यायला?

लिबी

२२ एप्रिल

व्हर्लिन,

उत्तर नाही. बरं. जोलीन सांगत होती की तू तिच्याकडे डेन्व्हरला जाऊन आलास आणि बारीक झालायस. डब्यातलं थंडगार काहीतरी उभ्या उभ्या खात असशील. लेकीला सांगतोस, मला नाही.

वसंतातला सराव संपला. मी घडीची खुर्ची घेऊन कुंपणापाशी बसले होते, नेहमीच्या जागी. कुणी हटकलं नाही. नवा कोच रिगन वयाने इतका लहान आहे की आधी मला वाटलं बदली खेळाडू असेल. पण मूर्ख नाही. पोरांच्या पायांकडे बघतो. तू म्हणायचास ना, लाईनवाल्याचा चेहरा बघू नये, पाय बघावेत. त्याला कुणी न सांगता कळलंय.

उजव्या गार्डला ब्रँट नावाचा पोरगा घेतलाय. ठीक आहे, दरवाजासारखा आहे, उघडा म्हटलं तर उघडतो, बंद म्हटलं तर बंद. पण डावा टॅकल, व्हर्लिन, डावा टॅकल बघ तू. मालकाय नाव त्याचं. ओमाहाचा. एवढं मोठं धूड आणि पाय मांजराचे. समोरचा धावत येतो, हा नुसता मागे सरकतो आणि त्याला बाजूने वळवून देतो, जसं पाहुण्याला हॉलमध्ये नेऊन बसवावं. मी खुर्चीतून उठले. शेजारी तू असतास तर मला कोपर मारलं असतंस. बाजूला बघितलंही मी, सवयीने.

रिगनची बायको शेल्बी घरी आली होती. गोड आहे, सारखी माफी मागते. म्हणाली, "मिसेस ह्रुश्का, गुरुवारचं जेवण आता खरं तर माझ्याकडे असायला हवं ना? तुम्हाला त्रास."

मी म्हटलं, "मला कसला त्रास? पोरांना विचार."

माझा आवाज मलाच आवडला नाही, पण बोलून गेले. पुढच्या गुरुवारी पोरं तिच्याकडे गेली. तिने कोंबडीचं गार सॅलड केलं आणि म्हणाली, बसा कुठेही. कुठेही! ऑगी खिडकीत, मालकाय सोफ्यावर, ब्रँट पायरीवर. सातच्या आत पाचही जण माझ्या दारात, भुकेने कळवळलेले. "छान होतं जेवण," ऑगी म्हणाला, "पण आम्ही एकमेकांना दिसतच नव्हतो." मी वाढलं. मनातून सुखावले, खोटं कशाला बोलू? नंतर त्या पोरीचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि जरा कसंसंच झालं.

पत्र वाचतोस की फेकतोस एवढं तरी कळव. कोरं कार्ड टाक.

लिबी

२५ ऑगस्ट

व्हर्लिन,

कार्ड आलं नाही. तरी लिहिते, कारण आता न लिहून राहवेना. अशी लाईन मी बऱ्याच वर्षांत पाहिली नाही.

ऑगी ओरडायला लागला. काय झालं माहीत आहे? मालकायने त्याला चिडवलं. "तू चर्चमध्ये पत्रिका वाटतोस तसा कॉल देतोस रे," म्हणाला. ऑगीचे कान लाल. दुसऱ्या दिवशी असा गरजला की पलीकडच्या मैदानावर सॉकर खेळणाऱ्या मुली थांबल्या. केलन आणि मालकाय आता एका जिवाचे झालेत. डाव्या बाजूला ते दोघं उभे राहिले की चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकने तिथे चटई टाकून झोपावं. उजवी बाजू जरा कच्ची आहे. सॉयर दमतो, पण सामन्याच्या शेवटच्या पाव भागात उठतो. तू असतास तर त्याला पहिल्याच भागात उठवला असतास.

चेंडू घेऊन पळायला जन्मात न मिळणारी ही पाच धूडं, आणि मला त्यांचंच वेड. तुझ्यामुळे. लग्न झालं तेव्हा मीही सगळ्यांसारखी चेंडूकडेच बघायचे. तू झोपायच्या खोलीच्या भिंतीवर सामन्याची फिल्म लावायचास आणि म्हणायचास, चेंडू विसर, या पाचांकडे बघ. आता कोरी भिंत बघते. तू तिकडे कुठल्या भिंतीवर लावतोस? आणि कुणाला सांगतोस, हे बघ, हे बघ म्हणून? त्या प्रश्नाने मला फार त्रास होतो, व्हर्लिन. बिछान्याची तुझी बाजू मी अजून वापरत नाही. चादर बदलते, पण तिथे झोपत नाही.

मालकायची एकच खोड आहे. फेकायचा डाव असला की त्याला मागे सरकायचं असतं ना, तर चेंडू हलायच्या आधीच त्याची डावी टाच जमिनीवरून उचलली जाते. बोटभर. पळायचा डाव असला की टाच जमिनीला चिकटलेली. रिगनला दिसलेली नाही, पोरांनाही नाही. मला कुंपणापाशी खाली बसल्यामुळे दिसली. तुला पहिल्या मिनिटात दिसली असती. दिसली असती की नाही, सांग.

लिबी

९ ऑक्टोबर

व्हर्लिन,

भांडी सिंकमध्ये तशीच टाकून लिहायला बसलेय. पोरं आत्ताच गेली.

जेवताना गोष्टी चालल्या होत्या. चार सामने जिंकलो, एक हरलो, स्वारी खुशीत. पुढे तुमची टीम येणार, नोव्हेंबरच्या एक तारखेला, इथेच. ब्रँट म्हणाला, "जुने कोच त्यांच्याकडे आहेत. त्यांना आपलं सगळं ठाऊक असणार."

ऑगी म्हणाला, "आपलं तिघांचं. मालकायचं नाही. मालकाय त्यांच्यानंतर आला. त्याचं त्यांना कोण सांगणार?"

माझ्या हातात ओगराळं होतं, ते पातेल्यात पडलं. चिली मालकायच्या शर्टावर उडाली. तो हसत म्हणाला, "मिसेस एच., मला वाढायचं ते ताटात वाढा." सगळे हसले.

कोण सांगणार? मी सांगितलं. ती टाच बघितली की कुठला डाव येतोय ते आधीच कळतं, हे स्वतःच्या हाताने लिहून, तिकीट लावून. मी विसरलेच होते की तू पलीकडे आहेस. इतकी वर्षं घरात जे दिसलं ते तुला सांगायचं, एवढंच मला येतं. तू दुसऱ्या टीमचा कोच आहेस हे माझ्या डोक्यात शिरलेलंच नाही. शिरलं असतं तर मी जानेवारीत एवढी भांडले नसते.

मी मालकायला बाजूला घेऊन सांगून बघितलं होतं, सप्टेंबरातच. "बाळा, टाच खाली ठेव." त्या शनिवारी तो नुसता टाचेचाच विचार करत होता. समोरच्याने त्याला तीनदा आडवा केला, क्वार्टरबॅक उचलून न्यावा लागला. हरलेला सामना तोच. मग मी म्हटलं, विसर रे, मी म्हातारी काहीतरी बोलते. तुझा नियम मला तेव्हा आठवला, सीझन चालू असताना कुणाच्या पायाला हात लावायचा नाही. आता तो बिचारा परत मोकळा खेळतोय आणि टाच तशीच उचलली जातेय.

तुम्ही एकही सामना जिंकलेला नाही. मी पेपरात बघते. तुझी नोकरी जायची वेळ आली असेल. तुझ्या पोरांशी प्रामाणिक राहायचं तर तुला हे त्यांना सांगायलाच हवं, मला कळतं. तुझ्या जागी मी असते तर कदाचित सांगितलं असतं. तरीही मागते. ते पत्र फाडून टाक. सामना जाईल याची भीती आहेच, त्या पोराचा चेहरा पडेल याचीही. पण खरं सांगते, त्याहून मोठी भीती वेगळी आहे. तुमच्या पोरांनी त्या टाचेकडे बघितलं, तर मला कळेल की मी तुला लिहिलेलं आता आपल्या दोघांत राहत नाही. मग थँक्सगिव्हिंगपर्यंत थांबायची गरज नाही. मग आपण संपलो.

पत्रं उघडतच नसशील, तर हे सगळं लिहिणं फुकट. आणि तेही वाईटच.

लिबी

२ नोव्हेंबर

व्हर्लिन,

काल तू पलीकडच्या रेषेवर उभा होतास. तीच राखाडी टोपी. जोलीन खोटं बोलली नाही, जाकीट अंगावर लोंबत होतं. तू एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस. मी कुठे बसते ते तुला माहीत आहे, त्यामुळे तिकडे न बघायला तुला कष्ट पडले असणार. एवढं मी ओळखते.

मी सामना बघितलाच नाही. मी एक टाच बघितली आणि तिच्यासमोर उभा असलेला तुमचा तो लालभडक केसांचा पोरगा बघितला. पहिला फेकायचा डाव. टाच उचलली. तो लाल केसांचा भलत्याच बाजूला धावला. दुसऱ्यांदा टाच उचलली, तो जागेवरच उभा, पळायचा डाव समजून. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, तेच. त्या बिचाऱ्याला दिवसभरात एकदाही डाव ओळखता आला नाही. मालकायने त्याला सगळ्या मैदानाची सहल घडवली.

आम्ही जिंकलो. लोक उड्या मारत होते आणि शेल्बी माझ्या गळ्यात पडली. मी बसूनच राहिले. कारण मला काहीच कळलं नव्हतं. तू सांगितलं नाहीस, की तुला ठाऊकच नव्हतं? आठ महिन्यांची पत्रं तिकडे खोक्यात बंद पडलेली असतील, असंही मनात आलं. मग जिंकल्याचा आनंद कसला करायचा?

मग हस्तांदोलनं झाली, गर्दी पांगली, आणि मालकाय कुंपणापाशी आला. घामाने निथळत होता.

"मिसेस एच., गंमत झाली. त्यांचा एक म्हातारा कोच माझ्यापाशी आला. बाकी कुणाशी बोलला नाही. आधी माझ्या पायांकडे बघत राहिला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, 'पोरा, ती डावी टाच खाली आण. पण आत्ता नको. सीझन संपल्यावर.' तुम्हीही तेच म्हणाला होतात ना, टाचेचं? तुम्हा दोघांना कसं दिसलं?"

मी त्याला म्हटलं, जा, आंघोळ कर, आजारी पडशील. तो गेल्यावर मी तिथेच कुंपणाला धरून रडले. शेल्बीने बघितलं. बघू दे.

तू वाचलंस. टाच तुझी तुला दिसली असती तर तू ती तुझ्या पोरांना सांगितली असतीस. तू सगळं वाचलंस, आणि हरताना तोंडातून शब्द काढला नाहीस. तुझ्या पोरांशी बेइमानी केलीस माझ्यासाठी, आणि ते तुला रात्रंदिवस टोचत असणार, हेही मला माहीत आहे. मग माणसा, घरी का आला नाहीस? तुमच्या टीमची बस आपल्या चौकातूनच जाते. मी पोर्चचा दिवा लावून ठेवला होता.

अजून एक बघितलं, ते तुला सांगायलाच हवं. तुमच्या लाईनची पाच पोरं बाकावर कशीही बसली होती. सेंटर एका टोकाला, डावा टॅकल पाण्याच्या पिंपापाशी, दोघं तर एकमेकांकडे पाठ करून. चांगली पोरं आहेत, खांदे बरे आहेत. पण त्यांना कुणी एका टेबलाशी बसवलेलंच नाही. तू एकट्याने कसं बसवणार? तुला साधी अंडी करता येत नाहीत.

लिबी

२६ नोव्हेंबर, बुधवार

व्हर्लिन,

सीझन संपला. आम्ही प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात हरलो, पण लाईनमुळे नाही. पुढच्या वर्षी पाचांपैकी चार परत येतात, ऑगी तेवढा पास होतोय. त्याच्या जागी कोण, हा रिगनचा घोर. मालकायची टाच खाली आली. मी आणि तो रोज दुपारी कुंपणापाशी असतो. मी बसते, तो वाकतो, मी म्हणते खाली, तो म्हणतो खालीच आहे, आणि असते खाली. पुढच्या नोव्हेंबरात तुमच्या त्या लाल केसांच्या पोराला अजिबात आशा नाही, हे त्याला सांगून ठेव. हे सांगितलंस तरी चालेल.

सोमवारी शेल्बीला घरी बोलावलं. चिली कशी करायची ते दाखवलं. मांस आधी एकटं परतायचं, बीन्स शेवटी, आणि तिखट घालताना मन घट्ट करायचं. पोरांना कुठे बसवायचं तेही सांगितलं, आणि झाकण सेंटर उचलणार हे दोनदा सांगितलं. पोरगी रडायलाच लागली. "म्हणजे तुम्ही कायमच्या जाताय?" म्हणाली. मी म्हटलं, "मी कुठे असं म्हटलं? या गुरुवारी मी एका ठिकाणी जेवण करायला चाललेय." तिच्याकडे मोठं पातेलं नव्हतं, तिला कालच नवं घेऊन दिलं. आपलं निळं मी कुणाला देणार नाही.

ताटं बांधलेली नाहीत. कपाटात आहेत तशीच आहेत. एकही वर्तमानपत्र घरात आणलेलं नाही. खोक्यांचं काय करायचं ते तू आणि मी समोरासमोर बोलू, आणि भांडायचं तर भांडू. मला तुझी फार आठवण येते, भांडतानाचीसुद्धा. पण थँक्सगिव्हिंगपर्यंत म्हणाला होतास, आणि उद्या थँक्सगिव्हिंग आहे. माझ्याकडून मुदत चुकली असं मी तुला म्हणू देणार नाही.

गाडी भरून ठेवलीय. पातेलं मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलंय, रोल फडक्यात गुंडाळलेत. पहाटे निघाले की दुपारच्या आत पोचेन. जोलीनकडून कळलं, तुझ्या पोरांपैकी बरीचशी सुट्टीत घरी जात नाहीत, होस्टेलवरच पडून असतात. मी आल्याबरोबर त्यांना बोलावून घे. पाच खुर्च्या लागतील, आणि आपल्या दोन. नसतील तर शेजाऱ्यांकडून आण. सेंटर मधोमध बसेल.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, वेळ नाही. हातानेच देईन. म्हणजे तू हे वाचत असशील तेव्हा मी तुझ्या दारात उभी असेन. उंबऱ्यावर उभं राहून वाचत बसू नकोस. आधी पातेलं उतरवून घे, जड आहे.

लिबी